दुसऱ्या स्पीकरचा डाख

आई, आधी एक तक्रार नोंदवून घे. स्पीकरच्या वायरीत पूर्वी एक तार लाल असायची आणि एक काळी. ही सोय या देशातून कोणालाही न विचारता काढून घेण्यात आली आहे. आता दोन्ही तारा पारदर्शक असतात, दोन्हींच्या पोटात सारखंच तांबं चमकतं, आणि त्यांतल्या एकीच्या कडेनं केसाएवढी रेघ ओढलेली असते, ती बघून ओळखायचं म्हणे कुठली कुठे लावायची. दुकानदार म्हणाला, "काका, रेघ आहे की." मी चष्मा वर केला, खाली केला, वायर रस्त्यावर उन्हात नेली. एक रेघ दिसली, ती माझ्या काचेवरचा ओरखडा निघाली. या अन्यायावर अजून कोणी मोर्चा काढलेला नाही, कलेक्टर कचेरीसमोर कोणी उपोषणाला बसलेलं नाही, जिल्ह्यातले यच्चयावत पुढारी मूग गिळून बसलेत. माझ्या सदरात लिहिणार होतो यावर. पण संपादकानं विचारलं असतं की या वयात तुला स्पीकरची वायर कशाला लागते, आणि त्याचं उत्तर सदरात मावणारं नव्हतं. म्हणून तुला लिहितोय.

तू गेलीस तेव्हा आपण अहमदनगरला राहत होतो, आता अहिल्यानगरला राहतो. सामान हलवावं लागलं नाही. घर तेच, स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी तीच, पप्पाही तेच आहेत. ऐकू कमी येतं आणि त्याची भरपाई ते जास्त बोलून करतात. मी पन्नाशी ओलांडली. लोकांच्या चुका काढतो आणि त्यावर पोट भरतो. माझं पहिलं सदर छापून आलं तेव्हा तू ते ओट्याशी उभ्यानं वाचलं होतंस आणि म्हणाली होतीस, "चांगलं आहे. पण तू सगळ्यांना चिमटे काढलेस, एकाला तरी फुंकर घालायचीस." मला वाटलं होतं, बाईला विनोद कळत नाही.

तुझ्याबद्दल कोणी विचारलं की मी सांगतो, माझी आई स्पीकर जोडायची. समोरचा हसतो. त्याला वाटतं नेहमीसारखी माझी फिरकी चाललीय. एमआयडीसीतल्या टीव्हीच्या कारखान्यात तू डाख द्यायच्या लाइनवर होतीस. शिसं वितळवून तार पत्र्याला चिकटवायची, दिवसभर तेच. कारखाना उठला आणि हातात काय उरलं, तर ती कला आणि बोटांवरचे चटके. पप्पा शाळेत शिक्षक आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात गिटारवर. त्यांच्या गिटारचा बॉक्स एकदा खरखरायला लागला तो तू उघडलास आणि दुरुस्त करून दिलास. ही बातमी पाळकसाहेबांकडून कुठं, तिथून कुठं, करत करत जत्रेत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांपर्यंत गेली. मग राहुरीहून, कर्जतहून, श्रीगोंद्याहून बॉक्स यायला लागले. कधी टेम्पोतून, कधी एसटीच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळलेले. लाकडाचं खोकं ते आणायचे, स्पीकर ते आणायचे, पोटातली जोडणी तुझी.

तू ते काम ओट्यावर करायचीस, कारण उजेड तिथं होता आणि चालणारा प्लग तिथंच. दुपारची जेवणं आवरली, ओटा पुसला, की पोळपाटाच्या जागी बारा इंची स्पीकर पालथा. डाखाच्या तारेतल्या राळेचा धूर आणि सकाळच्या लसणीच्या फोडणीचा वास एक व्हायचे. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "आज काय केलंय गं, वास निराळाच येतोय?" तू मान वर न करता सांगायचीस, "बारा इंची." त्या बिचाऱ्या बराच वेळ तिथंच उभ्या राहायच्या.

मी कॉलेजात असताना शहाणपणा करून एक बॉक्स तुझ्या आधी जोडून ठेवला होता. तारेला पीळ दिला, वर टेप गुंडाळली, झालं. तू आलीस, टेप सोडलीस, दोन बोटांनी तार ओढलीस, ती हातात आली. "हे जोडणं नाही," तू म्हणालीस. "हे नुसतं शेजारी बसवणं आहे." मग मला ओट्याशी उभं करून डाख द्यायला लावलास आणि दुसऱ्या स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट लावल्यास. पप्पांना म्हणालीस, वाजवा. पप्पांनी जाडी तार छेडली आणि त्या एवढ्या मोठ्या खोक्यातून आवाज आला तो सर्दी झालेल्या माणसाचा. पोकळ, नाकातला. "बघ," तू म्हणालीस, "दोघांचे पडदे एकदम पुढं यायला पाहिजेत. एक पुढं आला आणि एक मागं गेला, की हवा त्यांच्यातल्या त्यांच्यात फिरते. ऐकणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही." मग तू टॉर्चमधला सेल काढलास. तारांची दोन टोकं सेलला टेकवायची आणि पडद्यावर तळहात अलगद धरायचा. पडदा हाताला येऊन लागला, तर तार बरोबर. हाताखालून आत सरकला, तर उलट. कंपनीनं लाल ठिपका दिलेला असला तरी तू सेल लावूनच बघायचीस. "ठिपका देणारा पण माणूसच ना," म्हणायचीस, "त्याचं पण घरी भांडण झालेलं असू शकतं."

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा हॉलमधल्या कोपऱ्यात वीसेक वर्षं प्लॅस्टिकखाली उभा होता.

श्रीगोंद्याच्या ऑर्केस्ट्रावाल्या मास्तरांचा बॉक्स. तू शेवटचा हातात घेतलेला. दोन स्पीकरचं खोकं, त्यातला वरचा तू जोडलास, खालच्याच्या तारा कापून, टोकं सोलून तयार ठेवल्यास आणि म्हणालीस, उरलेलं उद्या. त्यानंतर तुझे उद्या सिव्हिलमध्ये गेले, आणि तेही फार नव्हते. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव म्हणून सांगितलं. पप्पांनी त्या बॉक्सवर प्लॅस्टिक टाकलं, सुतळीनं बांधलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. झाडताना सुद्धा कुंचा त्याच्या कडेकडेनं फिरायचा. तुझी सून नवीन नवीन होती तेव्हा एकदा त्यावर फुलदाणी ठेवायला गेली, तर पप्पा म्हणाले, "ते टेबल नाही." आम्ही समजून गेलो. तुझ्या हाताचं शेवटचं काम, अर्धं राहिलेलं. म्हाताऱ्याला ते तसंच हवंय. प्रेम करणाऱ्या माणसाला असं काहीतरी लागतं, असं समजून मीही आदरानं लांब राहिलो. इतकी वर्षं मी चुकीचं समजून घेत होतो, ते आत्ता कळलं.

मास्तर तुझ्या मातीला आले होते. बॉक्स त्यांनी तेव्हाच कोपऱ्यात पाहिला असणार, पण त्या दिवशी कोण मागणार? पुढं डीजेवाले आले, जत्रेतले ऑर्केस्ट्रे बसले, मास्तरांचाही बसला. मागच्या महिन्यात ते अचानक दारात उभे. पांढरी टोपी, हातात लिंबांची पिशवी, अंगात तोच वाघासारखा आवाज.

"गुर्जी, वळकलं का?"

पप्पांनी ओळखलं. चहा झाला. ज्यांच्या ज्यांच्या तब्येती विचारायच्या त्यांच्या विचारून झाल्या, त्यांतले बरेच गेलेले निघाले. मग मास्तरांनी कोपऱ्याकडं बघून टोपी सारखी केली.

"नातीची हळद हाय. पोरं म्हनली डीजे लावू. मी म्हनलं लावा, पर आदी माजी गिटार. लई वर्सं झाली, एकदा वाजवून घेतो आन् ठिवून देतो. माजा बॉक्स हुतो का तयार?"

"नवा घ्या," पप्पा म्हणाले.

"नवा हाय गावात रगड. मला बाईंनी जोडल्याला पायजे."

"तो अर्धा आहे."

"ते म्हाईत हाय मला. अर्दाच द्या."

"अर्धा वाजत नाही!" पप्पा एवढ्या जोरात बोलले की मास्तरांच्या बशीतला चहा हलला. मला लाज वाटली. एवढ्या लांबून आलेला ऐंशीचा माणूस, स्वतःची वस्तू मागतोय. मास्तर मात्र रागावले नाहीत. ते म्हणाले, "गुर्जी, माजी मंडळी पन गेली तीन वर्साखाली. मला समजतंय. न्हाई म्हना, मी जातो." आणि खरंच उठले.

ते दारापर्यंत गेले तेव्हा पप्पा मला म्हणाले, "तू जोड. फक्त खालचा. तिच्या डाखाला हात लावायचा नाही." एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. मास्तर जाताना लिंबं ठेवून गेले. म्हणाले, "सरबत करा गुर्जींला. तापल्यात."

तर अशी ती वायर, आणि असा मी. प्लॅस्टिक सोडलं तेव्हा पप्पा समोर खुर्चीवर बसलेले. उंदरांची कृपा, कागदी पडदे शाबूत होते. पुढची जाळी तू बसवलेलीच नव्हतीस, त्यामुळे दोन्ही स्पीकर उघडे, एकाखाली एक. तू सोलून ठेवलेल्या तारा काळ्या पडून मोडायला आल्या होत्या, त्या जागी नव्या घेतल्या. वरच्या स्पीकरवर तुझे दोन डाख. नेहमीसारखे नव्हते ते. तुझा डाख म्हणजे साबुदाण्याचा भिजलेला दाणा, गोल, चमकता. हे दोन पसरट होते, एकाची शेपटी बाहेर आलेली. मी मनात म्हटलं, वीस वर्षांत आपणही पसरट झालोय. आणि कामाला लागलो. हात भाजला, फरशीवर शिशाचे थेंब पडले, पण खालचा स्पीकर जोडला, ठिपक्याला ठिपका बघून, शंका नको म्हणून सेल लावून. पडदा तळहाताला येऊन लागला. तुझी आठवण आली असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर शाब्बासकीची आठवण आली.

चर्चमधून ॲम्प्लिफायर आणला होता. पप्पांनी गिटार मांडीवर घेतली. तिलाही कित्येक वर्षांनी. जाडी तार छेडली.

सर्दी. पोकळ, नाकातला आवाज.

मी घाईघाईनं म्हटलं, "थांबा, माझं काहीतरी—"

"बंद कर," पप्पा म्हणाले. त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. गिटार त्यांनी भिंतीला टेकवली. "मला माहीत होतं हे असंच होणार. म्हणून नको म्हणत होतो."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुला माहीत आहे, कारण तू तिथं होतीस. तरी लिहितो, कारण त्यांच्या बाजूनं ते कसं होतं हे तुला माहीत नसेल. त्या दुपारी तू ओट्याशी वरचा स्पीकर जोडत होतीस आणि ते उंबऱ्यात पेपर वाचत होते. तू त्यांना विचारलंस, "अहो, यातली लाल कुठली?" दोन्ही तारा तुझ्या हातात होत्या, उजेडात. त्यांना वाटलं तू थट्टा करतेस. ते म्हणाले, "आता मी सांगू तुला? उद्या विचारशील मीठ कुठलं." आणि हसले. तूही हसलीस. मग डाखाचा धूर आला. सेल काही तू लावला नाहीस. त्यांनी पाहिलं की लावला नाहीस, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"तिला दिसत नव्हतं," पप्पा म्हणाले. "का समजत नव्हतं, कोण जाणे. तेव्हाच रिक्षात घातली असती तर? मी पेपर वाचला. पूर्ण वाचला, जाहिरातींसकट."

मी म्हटलं, "पप्पा, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तेच तर. मला नक्की माहीत नव्हतं ना, की तिनं उलटं लावलंय. कदाचित बरोबर लावलं असेल. कदाचित खरंच थट्टा केली असेल तिनं. जोवर हे अर्धं होतं तोवर दोन्ही शक्य होतं." त्यांनी बॉक्सकडे हात केला. "आज कळलं."

आणि ते उठून मागच्या अंगणात गेले, नळावर तोंड धुवायला. नळ बराच वेळ चालू राहिला.

मी बॉक्ससमोर फरशीवर बसून राहिलो. मग हातांना जे येत होतं ते केलं. सेल घेतला आणि बॉक्सच्या प्लगला टेकवला. मोकळा तळहात आधी माझ्या स्पीकरवर, मग तुझ्या. माझा पडदा पुढं आला. तुझा आत गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. तुझ्या स्पीकरचा ठिपका बघितला, ठिपका बरोबर होता, कंपनीत कोणाचं भांडण झालेलं नव्हतं. तार तेवढी उलटी होती. त्या पसरट डाखांवर बोट ठेवून बसलो आणि मला दिसलं, की तू तिथं उभी आहेस, दोन तारा डोळ्यांजवळ धरून, रंग ओळखू येत नाहीयेत, आणि भीती वाटतेय, आणि भीती वाटतेय म्हणूनच तू थट्टेच्या सुरात विचारतेयस. हा सूर मी कुठून घेतला हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुझ्या डाखाला हात लावायचा नाही, ही अट होती. माझ्या नव्हती. मी माझे दोन्ही डाख वितळवले, तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा बसवले. उलटे. तुझ्यासारखे. आता सेल लावला की दोन्ही पडदे एकदम आत जात होते आणि एकदम बाहेर येत होते. दोघांचं मिळून चुकलेलं असलं तरी हवेला काय त्याचं, तिला फक्त दोघं बरोबर हलायला हवेत. पप्पांना तारांमधलं वाजवण्यापलीकडं कधी कळलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

त्यांना हाक मारली. "पप्पा, या जरा. माझंच उलटं लागलं होतं. रेघ दिसली नाही मला."

ते दारात थांबले. चेहरा ओला. "म्हणजे?"

"म्हणजे खालचा मी उलटा लावला होता. आता सुलट केलाय. वरच्याला हातही लावलेला नाही, बघा."

त्यांनी खरंच पाहिलं. वाकून, चष्मा लावून, बोट फिरवून. तुझे डाख जसेच्या तसे होते. मग गिटार घेतली, बसले, आणि जाडी तार छेडली.

आई, तो आवाज छातीत आला. फरशीतून पायांत आला. शोकेसमधले कप वाजले. पप्पांनी तार हातानं बंद केली आणि पुन्हा छेडली, आणि मग एक हात बॉक्सच्या लाकडावर ठेवून तिसऱ्यांदा छेडली. चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ओळखलं. मग म्हणाले, "म्हणजे तिचं बरोबर होतं."

"हो."

"तिनं थट्टाच केली होती."

"हो, पप्पा."

"आणि तू!" ते गरजले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. "एवढा शिकलास, तुला लाल-काळं कळत नाही? पेपरात जगाच्या चुका काढतोस! आईचं नाव घालवलं असतंस आज!" ओरडता ओरडता ते हसत होते आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी आणलं. ते पिऊन पप्पा उरलेली दुपार वाजवत बसले. तुझी सून ऑफिसातून आली तेव्हा ते चर्चचं गाणं झालं की जत्रेतलं वाजवत होते आणि जत्रेतलं झालं की चर्चचं.

तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकावी लागते. पाळकसाहेबांनी ऐकली, दूधवाल्यानं ऐकली, गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्यानं ऐकत होता. मुलानं कसं उलटं लावलं आणि तिनं कसं, आजारपण अंगात असताना सुद्धा, अगदी बरोबर लावलं होतं. दर वेळी मी थोडा अधिक गाढव होतो. परवा गॅसवाल्यासमोर तर मी सेल लावायलाच विसरलो होतो. मी मान खाली घालून उभा राहतो. गोष्ट चांगली आहे, सांगणारा आनंदात आहे, दुरुस्ती कशाला सुचवा?

मास्तर गेल्या शुक्रवारी टेम्पो घेऊन आले. पप्पांनी त्यांनाही गोष्ट सांगितली, मग बॉक्स वाजवून दाखवला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "बाईंचाच हाय आवाज," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तुमी बी चांगलं जोडलं शेवटाला. शिकला न्हाई का चुकत माकत." मी आणि टेम्पोवाल्यानं बॉक्स उचलून चढवला, खाली गादी घातली, दोर आवळला. वीस वर्षं राहिलेलं तुझं गिऱ्हाईक वाटेला लागलं. पप्पा फाटकात उभे राहून टेम्पो वळेपर्यंत सूचना देत होते, खड्ड्यातून हळू घे, ऊन लागू देऊ नकोस.

हे सगळं लिहून झालं आणि एक गोष्ट कबूल करायची राहिली. मला तुझा डाख सोडवून सरळ करावासा वाटला नाही, ते पप्पांच्या अटीमुळे नव्हे. त्यांची अट नसती तरी मी तो ठेवला असता. तू काम बरोबर करायचीस तेव्हा मला कधी तुझ्याजवळ उभं राहता आलं नाही. त्या दुपारी तू चुकलीस आणि मला जागा सापडली. तू असतीस तर हे ऐकून घेतलं नसतंस. मुकाट्यानं प्लग लावला असतास, दोन्ही स्पीकरचे डाख काढायला लावले असतेस आणि पहिल्यापासून, सेल लावून, सरळ जोडून घेतले असतेस. म्हणून हे पत्र वाचून दाखवायला मी तुझ्या मातीवर जाणार नाही. फडताळात ठेवतो. पप्पांचा हात पोचत नाही, तिथं वर.